भाऊजींच्या फियाटचा तांबडा दिवा

आमचे थोरले दीर हरिश्चंद्र भाऊजी. त्यांना रिकामं बसलेलं मी या घरात आल्यापासून कधी पाहिलेलं नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा हलत असतो. सगळं तरुणपण त्यांनी मालवाहू आगबोटींवर काढलं, तेही खाली इंजिनाच्या खोलीत, तेलवाला म्हणून. तेलवाल्याचं काम म्हणजे हातात तेलाचं भांडं घेऊन यंत्राभोवती फिरायचं, कुठला सांधा तापलाय ते तळहाताने चाचपायचं आणि काट्यांवर नजर ठेवायची. बोट सुटली, पण फिरणं सुटलं नाही. विहिरीवरचा पंप सुरू झाला की भाऊजी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवून येतात. एकदा मी शिवणयंत्रावर पोरींचे परकर शिवत होते, तर मागे उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "तेल घाल गो त्याला. कोरडं बोलतंय."

मिऱ्यावरचं आमचं घर एकच, चुली दोन. पुढचं खळं मात्र सामाईक. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खळं म्हणजे आमच्याकडचं अंगण, पावसाळा सरला की चोपून सारवून घेतलेलं. आमच्या खळ्याची मालकीण म्हणजे माझी थोरली जाऊ, येसूवहिनी. कावळ्यांच्या आधी ती उठते. झाडते, सडा घालते, तुळशीसमोरचा तुकडा रोज सारवते आणि रांगोळी काढते. मी अंघोळ करून देवपूजेला बसते तोवर खळं असं झालेलं असतं की पाय टाकायला जीव होऊ नये.

भाऊजी कायमचे घरी आले आणि मुंबईच्या एका डॉक्टरांनी विकायला काढलेली जुनी फियाट घेऊन आले. टॅक्सीचा परवाना काढला. उभी करायला दुसरी जागा नाही म्हणून ती तुळशीच्या बाजूला उभी राहू लागली. चालवायला मिरकरवाड्याचा रघू ठेवला. भाऊजींना गाडी चालवता येते, पण चालवण्यापेक्षा तिचं ऐकण्यातच त्यांचा जीव. रघू तिशीतला, हसरा. गाडीला तो 'म्हातारे' म्हणायचा. "चल म्हातारे, आज पुळ्याचा बाप्पा बोलावतोय," म्हणून चावी फिरवायचा. भाऊजींना ते आवडायचं, पण दाखवायचे नाहीत.

मार्गशीर्षात एकदा तो गणपतीपुळ्याचं भाडं पोचवून आला आणि ओसरीवर टेकला. म्हणाला, "काका, दिवा मिचकावतोय."

"कुठला?"

"तेलाचा. तांबडा. निवळीच्या वळणांवर. सरळ रस्त्याला गप बसतो, वळण आलं की डोळा मारतो."

भाऊजींचा गुडघा हलायचा थांबला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी मोठं आहे.

त्या दिव्याचं त्यांनी मला नंतर समजावलं. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. विझला म्हणजे तेल सगळीकडे जोरात पोचलं. चालत्या गाडीत लागला तर तीन गोष्टी असतात. तेल कमी झालंय, तेलाला जोर राहिला नाही, नाहीतर दिव्याचीच वायर बिघडली आहे. मला नवल वाटलं. आमच्या देवघरात दिवा विझला की जिवाला घोर लागतो, आणि इथे दिवा लागला की.

स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे नेली, तर तो म्हणाला, "काका, जुनी गाडी हाय. बल्ब काढून टाका. दिसणारच नाय, मग भ्यायचं कशाला?" भाऊजी असे तडकले की चहा अर्धा टाकून परत आले. त्यांच्या एका बोटीवर म्हणे कुणीतरी असाच एक लुकलुकणारा दिवा टोपी घालून झाकला होता. बेअरिंग जळलं, बोट समुद्रात मेल्यासारखी तरंगत राहिली. "दिवा खोटं बोलत नाही," ते ओसरीवर येरझारा घालत म्हणाले. "काटा खोटं बोलत नाही. बोलतात ती माणसं."

मग त्यांनी स्वतःच तपास मांडला. इंजिनाच्या अंगाला एक बारकासा स्विच असतो, तेलाचा जोर मोजणारा. दिव्याची वायर त्यालाच येऊन मिळते. ती त्यांनी काढली, तर दिवा विझला. वायरचं टोक लोखंडाला टेकवलं, तर लागला. म्हणजे वायर शहाणी, बल्ब शहाणा. मग तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत घालून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. तेल ओतलं, वरच्या खुणेपर्यंत आणलं. दिवा गप झाला. आठवडा गेला न गेला तोच वळणावर पुन्हा डोळा मारायला लागला आणि पट्टी पुन्हा कोरडी.

"कमी तेलात वळण आलं की तेल एका कडेला जातं," भाऊजी म्हणाले. "ओढणारी नळी उघडी पडते. म्हणून वळणावर लागतो. इथवर बरोबर. पण तेल जातं कुठं?"

हा प्रश्न त्यांनी घरात, खळ्यात, जेवताना, अगदी माझी आरती चालू असतानासुद्धा विचारला. इंजिन तेल जाळत असेल तर सायलेन्सरातून निळा धूर यायला हवा. रघूला इंजिन फुरफुरवायला लावून स्वतः मागे उकिडवे बसले, धूर आला नाही. पाण्यात मिसळत असेल तर रेडिएटरात साय येते, ती नव्हती. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, खालून तेलकट मळ होता, पण तेवढा जुन्या गाडीला असतोच. राहिली गळती. रोज सकाळी उठल्यावर ते हातातली बॅटरी लावून गाडीखाली बघायचे. खाली येसूवहिनीचं ओलं, हिरवट, गुळगुळीत सारवण. थेंबाचं नाव नाही.

एकदा तिलाही विचारलं. मी तिथेच तांदूळ निवडत होते. "येसू, सकाळी खळ्यात तेल दिसतं का गो?"

"तेल? नाय हो," ती सूप पाखडता पाखडता म्हणाली. "दिसलं असतं तर सांगितलं नसतं?"

झालं. त्यांच्या हिशेबात सगळ्या वाटा बंद झाल्या, एकच उरली. रघूच्या मेव्हण्याची मिरकरवाड्याला मासेमारीची लाँच आहे, तिलाही असंच तेल लागतं. त्यात डिकीत अर्धं तेल असलेला एक डबा सापडला. तो रघूने वाटेत घालायला म्हणूनच ठेवला होता, पण संशय शिरला की डबासुद्धा साक्षीला उभा राहतो. घरी बोलले असते तर चार भिंतींत राहिलं असतं. भाऊजींना तेवढा दम कुठला. तडक एस.टी. स्टँडवर गेले आणि सगळ्या टॅक्सीवाल्यांसमोर विचारलं, "मेव्हण्याच्या लाँचला पाजलंस काय रे माझं तेल?"

रघूला ती मस्करी वाटली. हसून म्हणाला, "हो तर, लाँच आता फियाटसारखी हॉर्न मारते."

"इंजिन पीत नाही, जमीन पीत नाही. म्हणजे माणूस पितो."

रघूने त्यांच्याकडे पाहिलं, चावी बॉनेटवर ठेवली आणि चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको राही माझ्याकडे आली. ओसरीवर चढली नाही, पायरीशीच उभी राहिली. "काकी, दुसरी टॅक्सी बघायला गेलेवते हे. स्टँडवरचे सखारामशेट म्हणाले, हरिश्चंद्रकाकांकडं काय झालं ते मिटव, मग ये. आता मिटवायचं कसं, तुमीच सांगा. तेलचोराच्या हातात गाडी कोण देईल? आणि ह्यांना गाडीबिगर काय येत नाय हो."

मी तिला पाणी दिलं, कोकमं दिली. रघू चोर नाही हे मला माहीत होतं. पण माझं माहीत असणं भाऊजींच्या पट्टीवर कुठे दिसणार? तरी मी त्यांना राहीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते बॉनेट उघडून उभे होते. म्हणाले, "मग तेल गेलं कुठं ते सांग. सांग ना. मलाही बरं वाटेल." आणि खरंच, त्यांचा चेहरा चोर पकडलेल्या माणसाचा नव्हता. हरवलेल्या माणसाचा होता.

त्याच संध्याकाळी मुंबईहून तार आली. आमचे चुलत सासरे गेले. आम्ही एका भावकीतले, दोन्ही घरांना सुतक.

सुतकाचे दिवस मला नेहमीच जड जातात. देवघराचं दार लोटलेलं, घंटा मुकी, फुलं झाडावरच सुकणारी. हात सारखे ताम्हनाकडे जातात आणि रिकामे परत येतात. त्यातून माघी चतुर्थीला हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन नवस फेडायचं ठरलं होतं, फियाटनेच. ते राहिलं. रोजच्या वहीत चार ओळी लिहायची माझी सवय, पण त्या दिवसांत एक ओळसुद्धा धड होईना. भाऊजींचं तर माझ्याहून वाईट. सुतकात भाडं घ्यायचं नाही, म्हणून गाडी जागची हलली नाही. पण सकाळ-संध्याकाळ चालू करायचे, दिवा विझेपर्यंत बघत राहायचे, बंद करायचे. परत थोड्या वेळाने चालू. चोर ठरवल्यापासून गाडीखाली बघणं मात्र त्यांनी सोडलं होतं. येसूवहिनी आतून ओरडायची, "अहो, त्या बिचारीला तरी सुतक पाळू द्या!"

तिलाही चैन नव्हती. सुतकात सडा नाही, सारवण नाही, रांगोळी नाही. खराटा घेऊन दारात यायची, खळ्याकडे बघायची आणि आत जायची.

दोन-तीन दिवस असे गेले आणि एका सकाळी मी विहिरीवरून कळशी घेऊन येत होते, तर भाऊजी गाडीच्या पुढे उकिडवे बसलेले. बॅटरी हातात, पण लावलेली नाही. उजाडलं होतं, गरजच नव्हती. इंजिनाच्या बरोबर खाली सुकलेल्या खळ्यावर ताटाएवढा काळा डाग. मधोमध अजून ओला. त्यांनी बोट टेकवलं, चोळलं, वास घेतला.

"येसू!" अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

ती दारात आली. "काय झालं?"

"हे काय?"

"काय म्हणजे? ती रोजचीच घाण. सारवायचं नाही म्हणून दिसतेय."

"रोजची?"

"मग? गुरं नाय का रात्री घाण करत, तशी ही करते. मी राख टाकते, खरवडते, आत हात घालून सारवते. तुळशीसमोर ते काळं थारोळं ठेवू? लोक काय म्हणतील?"

"मी तुला विचारलं होतं. तेल दिसतं का म्हणून विचारलं होतं!"

"तेलच विचारलंत ना? तुमचं तेल मला ठाऊक हाय. डब्यातनं ओतता तेव्हा बघते मी. मधासारखं पिवळंधमक असतं. ही काजळी. हिला तेल कोण म्हणेल?"

"आत गेलं की काळं होतं गो ते!"

"होत असेल," येसूवहिनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "उभा जन्म बोटीला तेल घालण्यात घालवलात. काळं होतं म्हणून मला एकदा तरी सांगितलंत?"

भाऊजी त्या डागाशेजारी खाली बसले, मातीतच. मी कळशी कमरेवर घेऊन तशीच उभी. हसू येत होतं आणि राही पायरीशी उभी असलेली डोळ्यांपुढून जात नव्हती. येसूवहिनीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "अगो बाय... मग रघू?"

भाऊजी उठले. चपला घातल्या नाहीत. मी आणि येसूवहिनी मागून निघालो. मिरकरवाडा फार लांब नाही, पण त्या दिवशी त्यांच्या पावलांना पाऊल लावताना आमची दमछाक झाली. सुतकातल्या माणसाने कुणाच्या दारात शिरू नये, म्हणून ते रघूच्या घरासमोर रस्त्यावरच थांबले. तिथून हाक मारली. बर्फाचे तुकडे वाहणारे हातगाडीवाले थांबून बघायला लागले.

रघू पेज जेवत होता, हात न धुताच दारात आला. पाठीमागे राही.

"रघू, तेल कुणी चोरलं नाही," भाऊजी म्हणाले. रस्त्यावरून बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं, आणि ते बोलले. "माझी गाडी गळते. ही रोज सकाळी डाग सारवून टाकायची आणि मी सारवण बघून तुला बोललो. माझं चुकलं."

येसूवहिनी पुढे झाली. "रघू बाबा, मला काय ठाऊक रे..."

"वयनी, तुमचं काय नाय त्यात," तो म्हणाला. मग भाऊजींकडे वळला. "काका, हे हितं कशाला सांगता? हितं मला कोण चोर म्हणत नाय. स्टँडवर झालो मी चोर. सांगायचं तर तिथं सांगा."

"सांगतो."

"आणि ह्याच आवाजात."

राहीने त्याचा सदरा मागून ओढला, तो हलला नाही. भाऊजींनी मान हलवली आणि आले तसे वळले. वाटेत आम्ही दोघी घराकडे फुटलो. ते तसेच अनवाणी पुढे गेले.

स्टँडवर काय झालं ते राहीकडूनच कळलं, कारण रघू लांब उभा राहून ऐकत होता. भाऊजींनी सगळं सांगितलं, राख, सारवण, काजळी, काही गाळलं नाही. टॅक्सीवाले हसून हसून बेजार. सखारामशेट म्हणाले, "हरिश्चंद्रा, वहिनींना आमच्या गाड्यांखाली पाठव. आमचीपण गळती बंद होईल." कुणी म्हणालं, आता मिस्त्रीकडं जाऊच नका, शेणच लावा. भाऊजी उभे राहिले. हसणं संपेपर्यंत उभे राहिले. मग परत एकदा म्हणाले, "रघू चोर नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि मगच घरी आले.

आल्या आल्या गळती शोधायला बसले. म्हणाले, थेंब जिथे पडतो तिथून तेल येत असतं असं नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, खाली ओघळतं, आणि डाग दुसरीकडेच पडतो. म्हणून आधी इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं केलं. मग कपाटातून सिंगापूरहून कधीकाळी आणलेला तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा काढला, येसूवहिनीने जपून ठेवलेला, अजून न फोडलेला. तिने स्वतःच त्याचं झाकण उघडून दिलं. इंजिनावर सगळीकडे पावडर भुरभुरवली आणि गाडी चालू केली. ती बापडी नवरीसारखी पांढरी होऊन थरथरत राहिली. सगळं अंग पांढरंच राहिलं. फक्त त्या बारक्या स्विचपासून, दिव्याची वायर जिथे मिळते तिथून, एक काळी रेघ हळूहळू खाली उतरली. स्विचच आतून फाटला होता आणि त्यातून तेल पाझरत होतं.

"त्या दिवशी ह्याचीच वायर काढून बघितली मी," भाऊजी म्हणाले. "ह्याच्यावर हात होता माझा. हा शहाणा आहे का, तेवढं बघितलं नाही. आणि ह्याच्या भरवशावर त्या पोराला..." पावडर लागलेला हात तसाच धरून बसले.

नवा स्विच मुंबईहून पार्सलने मागवला, बसवला. तोवर सुतक फिटलं. येसूवहिनीने खळं सारवलं, पण गाडीखालचा तुकडा सोडून. तो तसाच ठेवायचा असं तिचं तिनेच ठरवलं.

रघू मात्र परत आला नाही. त्याच आठवड्यात सखारामशेटनी त्यांची दुसरी गाडी, एक ॲम्बेसिडर, त्याच्या हातात दिली. भाऊजींनी निरोप धाडला होता, मीही राहीला सांगितलं होतं. राही म्हणाली, "हे रागात नाय हो काकी. पण पट्टी ओढताना दर वेळी काका हाताकडं बघतायत असं वाटेल म्हणतात." भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे." आणि पंपावर हात ठेवायला गेले.

मंगळवार बघून आम्ही हेदवीला निघालो. भाऊजी स्वतः चालवत होते. स्टँडवरून जाताना त्यांनी गाडी कडेला घेतली. आधी वाटलं, रेडिएटरातलं पाणी बघायचं असेल. पण ते खाली उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही, नुसते रांगेकडे बघत राहिले. रघू आपल्या ॲम्बेसिडरला टेकून उभा होता. त्याने पाहिलं. मग आला, पुढच्या चाकाशी वाकला, मान तिरपी करून खाली बघितलं, हात घालून चेंबर चाचपला. हात बाहेर काढून बोटं उजेडात धरली.

"जावा काकी," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "सुकी हाय म्हातारी."

तेव्हा कुठे भाऊजींनी गियर टाकला.